पावलावरची नाडी

मोजणीबाई हे नाव पेशंटांनीच ठेवलं, आणि ते इतकं चिकटलं की मोठे डॉक्टरसुद्धा फोनवर "मोजणीबाईंना पाठवा" म्हणू लागले. हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला, जिन्याखालच्या नऊ नंबरच्या खोलीत बाई बावीस वर्षं पायांच्या जखमा बांधत होत्या. न भरणाऱ्या जखमा. दोन दोन, पाच पाच वर्षं उघड्या राहिलेल्या, वास मारणाऱ्या, घरच्यांनीही नाकाला पदर लावलेल्या. बाईंनी कधी लावला नाही. जखमेवर पारदर्शक कागद धरायचा, काळ्या पेनाने तिची कड गिरवायची, मग तो कागद चौकटींच्या तक्त्यावर ठेवून आतल्या चौकटी मोजायच्या. "मागच्या आठवड्यात बेचाळीस होत्या, आज अडतीस. चार चौकटी भरल्या हो तुमच्या!" हे त्या अशा थाटात सांगायच्या, की माणसाला वाटावं आपलं पोर शाळेत पहिलं आलं.

घरी नवरा आणि त्या, दोघंच. नवरा छापखान्यात मुद्रितं तपासायचा. तो पाहुण्यांना सांगायचा, "आमच्याकडे एक जण दुसऱ्यांच्या चुका शोधतो, आणि दुसरी स्वतः करत नाही." बाई त्यावर लटकं रागवायच्या. पण आतून त्यांना ते खरंच वाटायचं.

पायाची जखम दोन कारणांनी चिघळते, असं बाई नव्या सिस्टरना शिकवत. एक म्हणजे रक्त खाली उतरतं, पण परत वर चढायला मागत नाही. शिरांच्या झडपा ढिल्या झालेल्या असतात. असा पाय घट्ट बांधावा, उशीवर उंच ठेवावा, म्हणजे जखम भरून येते. दुसरं म्हणजे रक्त खाली पोचतच नाही, कारण धमनी आतून बुजलेली असते. असा पाय घट्ट बांधला, उंच ठेवला, तर उरलंसुरलं रक्तही अडतं. वरून बघाल तर दोन्ही जखमा सख्ख्या बहिणी. ओळखायच्या कशा? घोट्याजवळचा रक्तदाब मोजायचा, दंडाचा मोजायचा आणि घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागायचं. उत्तर पॉइंट आठच्या खाली आलं, की घट्ट पट्टी नाही म्हणजे नाही. त्यासाठी डॉपलर नावाचं मुठीएवढं यंत्र होतं. त्याची कांडी घोट्यावर टेकवली की आतलं रक्त फुस् फुस् वाजायचं, आणि बाई म्हणायच्या, "ऐका, पाय बोलतोय."

मग या खोलीत संशोधन आलं. मोठ्या डॉक्टरांना बघायचं होतं, की साध्या एकेरी पट्टीने जखमा लवकर भरतात की चार थरांच्या घट्ट पट्टीने. एकशे साठ पेशंट घ्यायचे, निम्म्यांना ही, निम्म्यांना ती. कोणाला कोणती, हे बंद पाकीट ठरवणार. प्रत्येकाचा सहा पानी फॉर्म, आणि पहिल्याच पानावर ठळक चौकट: घोट्याचा दाब भागिले दंडाचा दाब. फॉर्म भरायचं काम अर्थातच बाईंकडे आलं. दोन वर्षांत त्यांच्या एकाही फॉर्मवर कोणी बोट ठेवलं नाही.

एकशे अठ्ठावन्नावा फॉर्म होता सलूनवाल्या काकांचा.

काका सहासष्ट वर्षांचे. चाळीस वर्षं गिऱ्हाइकाच्या खुर्चीमागे उभे राहिलेले. डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला तीन वर्षांची जखम, वर फुगलेल्या शिरांचं जाळं. माणूस मोठा बोलका. पहिल्याच दिवशी त्यांनी बाईंच्या हातातली कात्री मागून घेतली, उजेडात धरली आणि मान हलवली. "सिस्टर, हिला धार कोणी लावली? हिने माझी मिशीसुद्धा कापली जायची नाही." पाठीमागे बसलेली मुलगी लाजून म्हणाली, "बाबा, गप्प बसा ना." ती एका शाळेच्या ऑफिसात कारकून होती. आई गेल्यापासून बाप-लेक दोघंच. बाईंनी विचारलं, "सिगारेट?" काका म्हणाले, "सोडली." मुलीने खिडकीकडे बघितलं. तिचं ते बघणं बाईंना दिसलं होतं. पुढे आयुष्यभर दिसत राहिलं.

काका अभ्यासात यायला तयार होते, पण योग येईना. पहिल्या खेपेला संमतीचे कागद संपलेले, दुसऱ्या खेपेला डॉक्टर परगावी. तिसऱ्या खेपेला काका एकटेच दोन बस बदलून आले, तर डॉपलर जागेवर नाही. वरच्या वॉर्डाने सकाळी "दहा मिनिटांत देतो" म्हणून नेलेला, आणि ती दहा मिनिटं दोन तासांची झाली होती. बाहेर बाकावर चौदा जण. त्यात सकाळीच मोठे डॉक्टर दारातून डोकावून म्हणाले होते, "बाई, एवढे तीन भरले की आपण सुटलो." त्यांनी काही वावगं सांगितलं नव्हतं. बाईंनी पुढे कधी त्या वाक्यामागे लपायचा प्रयत्नही केला नाही.

"काका, उद्या याल का? यंत्र वर अडकलंय."

काका हसले. पण चेहरा दमलेला होता. "सिस्टर, चाळीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला मी अर्ध्या दाढीने उठवलं नाही."

बाईंनाही हसू आलं. त्यांनी हातातला मोजा काढला आणि पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठ्याच्या रेषेत, दोन बोटं ठेवली. पाऊल सुजलेलं, जरा गार. बाहेर वारा होता, काका साध्या चपलेत आलेले. काही लागेना. बाईंनी बोटं अजून दाबली. तरी नाही. मग चांगला जोर देऊन दाबली, डोळे मिटले, आणि सापडली. टक, टक, टक. खणखणीत, एकसारखी. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत अर्धा मिनिट मोजली.

"घोड्यासारखी धावतेय की!" त्या म्हणाल्या.

"मग? पाय कोणाचा आहे!" काका म्हणाले.

अशी नाडी लागली की यंत्रावर आकडा केवढा येतो, हे बाईंना बावीस वर्षांनी पाठ झालं होतं. त्यांनी चौकटीत लिहिलं, पॉइंट नऊ दोन. पुढच्या शुक्रवारी यंत्राने मोजून पक्कं करू, असं मनात म्हटलं. पाकीट फोडलं तर चार थरांची पट्टी निघाली. बाईंनी ती अशी सुबक बांधली, की काकांनी आरशात बघावं तसं पायाकडे डावी-उजवीकडून बघितलं.

मंगळवारी अकराच्या सुमाराला नऊ नंबरचा फोन वाजला. बाईंच्या दोन्ही हातांत मोजे होते. त्यांनी रिसीव्हर कान आणि खांद्याच्या मध्ये धरला. पलीकडे काकांची मुलगी.

"सिस्टर, बाबांचा पाय फार ठणकतोय. पलंगावरून लोंबता सोडला की जरा बरं वाटतं म्हणतात."

"पहिले चार दिवस आवळल्यासारखं होतंच. आणि लोंबता अजिबात सोडू देऊ नका. उशीवर उंच ठेवा. शुक्रवारी येणारच आहात ना?"

"हो."

"मग झालं तर."

हे बोलणं पाऊण मिनिटही झालं नाही. ते कुठे लिहून ठेवायची पद्धतही नव्हती.

शुक्रवारी काका चाकाच्या खुर्चीतून आले. बोलत नव्हते. बाईंनी पट्टी सोडायला घेतली. पहिला थर, दुसरा, तिसरा. चौथ्या थराखाली बोटं दिसली. पाचही बोटं शाईत बुडवल्यासारखी काळीनिळी. पाऊल फरशीसारखं थंड. डॉपलर आज जागेवर होता. बाईंनी कांडी टेकवली, सरकवली, पुन्हा टेकवली. यंत्रातून नुसती खरखर येत राहिली.

दोन दिवसांनी काकांचा पाय गुडघ्याखालून कापला. मोठे डॉक्टर म्हणाले, "धमनी अचानक बुजली. सिगारेट, दुसरं काय. होतं असं." फॉर्मच्या शेवटच्या पानावर त्यांनी लिहिलं: अभ्यासातून बाहेर, कारण मूळ आजार बळावला. बाईंनी ते वाक्य दोनदा वाचलं. ठणठणीत नाडी तर त्यांनी स्वतः मोजली होती. तेव्हा नंतरच बुजली असणार. त्या वाक्याच्या वळचणीला बाई अंग चोरून उभ्या राहिल्या.

चार दिवसांनी दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्या वॉर्डात गेल्या. काका भिंतीकडे तोंड करून पडले होते. पांघरूण डावीकडे गुडघ्याच्या जरा खाली एकदम सपाट झालेलं. बाईंना बघताच त्यांचा चेहरा उजळला.

"आलात? बरं झालं. या लोकांना काही कळत नाही. सिस्टर, ती पट्टी सोडा हो. फार आवळलीय."

"कोणती पट्टी, काका?"

"तुमचीच. डाव्या पायाची. बोटं चिमटल्यासारखी झालीत. या सगळ्यांना सांगतोय, तर म्हणतात पायच नाही. पाय नाही तर मग दुखतंय काय?"

बाईंनी आजूबाजूला बघितलं. मग त्या पलंगाच्या पायथ्याशी बसल्या, पांघरुणाच्या त्या सपाट जागेपाशी. दोन्ही हात पुढे केले आणि हवेतली गाठ सोडली. एक वेढा, दुसरा, तिसरा. पोटरीवरून घोट्यापर्यंत आणि टाचेखालून वळसा. एक थर संपला की तो गुंडाळून बाजूला ठेवल्यासारखा करायच्या आणि दुसऱ्याला हात घालायच्या. काकांचे डोळे त्यांच्या बोटांवर खिळलेले. चौथ्या थराला त्यांनी लांब श्वास सोडला.

"हां. आता कसं मोकळं वाटलं." आणि लगेच त्यांना झोप लागली.

बाई उठल्या, तर दारात मुलगी उभी. हातात पाण्याची बाटली. तिने हात जोडले. बाई तिच्या बाजूने मान खाली घालून निघून गेल्या.

काका घरी गेले आणि साडेचार महिन्यांनी, एका सकाळी चहा पिता पिता, हृदय बंद पडून वारले. बाईंना कळलं ते मुलगी हॉस्पिटलच्या कुबड्या परत करायला आली तेव्हा. जिन्यापाशी तिने त्या साठ्याच्या खिडकीतून आत दिल्या, सही केली आणि गेली. नऊ नंबरचं दार उघडंच होतं. तिने आत बघितलं नाही.

वर्षभराने अभ्यासाचा निकाल छापून आला. चार थरांची पट्टी सरस ठरली. खोलीत चहा-बिस्किटं झाली, मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर बाईंचे आभार मानले. छापील पानावर एका तक्त्याच्या खाली बारीक अक्षरात काका होते: एक रुग्ण, मूळ आजार बळावल्याने वगळला. बाईंनी ते पान घरी आणलं, आणि नवऱ्याने सवयीने चष्मा लावून वाचलं. म्हणाला, "एकही चूक नाही."

त्यानंतर दोन महिन्यांनी हॉस्पिटलच्या दर्जा सुधार विभागाने सगळ्या सिस्टरना प्रशिक्षणाला बोलावलं. वरच्या मजल्यावर लांबट खोली, मध्ये भलंमोठं टेबल. शिकवायला एक तरुण डॉक्टरीणबाई. ती म्हणाली, "सगळ्यांनी टेबलाच्या कडेवर दोन बोटं दाबा. जोरात. अजून जोरात. आता डोळे मिटा. काही लागतंय?"

कोणीतरी किंचाळलं, "अगं बाई, टेबल जिवंत आहे!" सगळ्या हसत सुटल्या.

"टेबल नाही, तुम्ही जिवंत आहात," डॉक्टरीण म्हणाली. "बोटं जोरात दाबली की त्यांच्या टोकातली आपलीच नाडी वाजते. सुजलेल्या पायावर हाच घोटाळा होतो. पेशंटची म्हणून मोजता आणि मोजता स्वतःची. म्हणून बोटांवर विसंबायचं नाही, यंत्र लावायचं."

बाईंची बोटं टेबलावरच होती. टक, टक, टक. खणखणीत, एकसारखी. ही नाडी त्यांनी याआधी मोजली होती. घड्याळ लावून, अर्धा मिनिट.

सगळ्या जणी जेवायला उठल्या. बाई टेबलावर बोटं दाबून तिथेच बसल्या.

त्या दिवसापासून ती नाडी हात धुऊन त्यांच्या मागे लागली. बसचा दांडा धरला की त्यात ठोके. चहाच्या कपात ठोके. दाराच्या चौकटीला हात टेकला तर चौकटीत. रविवारी दुपारी नवरा आरामखुर्चीत डुलकी काढत असताना त्या हळूच त्याचं मनगट धरायच्या आणि दुसरा हात स्वतःच्या गळ्याला लावायच्या. यातली कोणती त्याची, कोणती माझी? तो जागा होऊन विचारायचा, "काय गं, काय बघतेस?" "काही नाही. सहज."

आणि मग पाय. बाकावर पेशंट ओळीने पाय पुढे करून बसलेले असत. बाई दारातून नजर टाकत, किती काम आहे याचा अंदाज घ्यायला. एके दिवशी त्यांनी सवयीने मोजलं: माणसं चौदा, पाय एकोणतीस. त्यांनी पुन्हा मोजलं. अठ्ठावीस. बरोबर. आत जाऊन पाणी प्यायल्या, बाहेर आल्या, मोजलं. एकोणतीस. जास्तीचा पाय कोणता, हे काही केल्या सापडेना. बाकाच्या त्या टोकाला, जिथे कोणी बसलेलं नव्हतं, तिथे बघायला जावं तर नुसती फरशी. मोजणीबाईंचंच मोजमाप बिघडलं होतं. महिना दीड महिना हे चाललं. बाईंचं अन्नावरचं लक्ष उडालं, ब्लाउज अंगावर लोंबू लागले. पेशंट गमतीने म्हणाले, "बाई, तुमच्याच चौकटी कमी होतायत की."

शेवटी एका संध्याकाळी, भाजी निवडता निवडता, त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. कुठेही थांबल्या नाहीत. त्याने ऐकून घेतलं. समोरचा चहा निवून त्यावर साय आली.

"आकडा यंत्राशिवाय लिहिलास, हे कोणाला माहीत आहे?"

"मला."

तो बराच वेळ चष्मा पुसत राहिला. "हस्तलिखितातली चूक खोडता येते. छापून गेलेल्या चुकीला शुद्धिपत्रच लागतं. दुसरा उपाय आमच्या धंद्यात तरी नाही."

"नोकरी जाईल कदाचित."

"जाईल कदाचित," तो म्हणाला. धीर द्यायला खोटं बोलला नाही, याचं बाईंना बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्या मोठ्या डॉक्टरांसमोर उभ्या राहिल्या. ऐकून डॉक्टरांचा चेहरा आधी गोंधळला, मग कंटाळला. "बाई, झालं ते वाईटच झालं. पण दीडशे माणसांच्या अभ्यासात एका आकड्याने निकाल बदलत नाही."

"निकाल नाही बदलत, डॉक्टर. कारण बदलतं. तुम्ही लिहिलंय, मूळ आजार बळावला. आजार बळावला नाही. तो आधीच होता, आणि त्यावर मी पट्टी आवळली."

डॉक्टरांनी कपाटातून तो फॉर्म काढला. पहिल्या पानावर, बाईंच्या आकड्याखाली, 'तपासले' असं छापलेलं होतं आणि पुढे त्यांची स्वतःची सही होती. ते सहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी काहीच तपासलं नव्हतं. माझा तुमच्यावर भरवसा होता."

"माझाही माझ्यावर होता," बाई म्हणाल्या.

दोघांनी मिळून दर्जा विभागाला लिहून दिलं. चौकशी झाली. तीन जणांच्या समितीने बाईंना चार वेळा तेच तेच विचारलं, आणि बाईंनी चार वेळा तेच तेच सांगितलं. छापलेल्या निकालाला चार ओळींची दुरुस्ती जोडली गेली. डॉक्टरांना ताकीद मिळाली. बाईंची नोकरी गेली नाही, पण जखमा बांधण्याचं काम काढून घेतलं. हॉस्पिटल काकांच्या मुलीला पत्र पाठवणार होतं. बाईंनी समितीला विचारलं, "पत्राआधी मी गेले तर चालेल?" समितीतले एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "नियमात बसत नाही. पण जा."

रविवारी सकाळी त्या गेल्या. दोन बस बदलून, म्हणजे कोणत्या रस्त्याने काका यायचे तेही कळलं. मुलीने दार उघडलं. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी सलूनची जुनी फिरती खुर्ची होती, तिच्यावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग. "बसा ना," मुलगी म्हणाली. तिला खरंच आनंद झालेला दिसत होता. "चहा ठेवते."

"आधी ऐकून घे. मग चहाचं बघ." आणि बाईंनी उभ्याउभ्याच सांगितलं. यंत्र नव्हतं, बोटं दाबली, ती नाडी काकांची नव्हती, आकडा मनाचा होता.

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात थबकली होती, ती तिथेच भिंतीला टेकली. पहिला प्रश्न तिने विचारला तो बाईंच्या ध्यानीमनी नव्हता.

"त्या मंगळवारी फोनवर तुम्हीच होता?"

"हो."

"पाय उंच ठेवा, लोंबता सोडू देऊ नका, म्हणालात."

"हो."

"ते पाय खाली सोडायचे," मुलगी म्हणाली. आवाज अगदी सपाट. "मी उचलून परत उशीवर ठेवायचे. मंगळवार, बुधवार, गुरुवार. बाबा रडायचे. 'तुझ्या पाया पडतो, सोड गं मला' म्हणायचे. बापाने असं लेकीला म्हणावं? आणि मी दोन्ही हातांनी पाय धरून बसायचे, खाली येऊ नये म्हणून. तुम्ही सांगितलं होतं ना. पाय गेल्यावर मला वाटलं, माझाच हात ढिला पडला असेल. नीट उंच धरला नाही मी. अजून स्वप्नात धरून बसते."

बाईंना वाटलं होतं, आपण एका चुकीची कबुली द्यायला आलोय. त्या चुकीच्या पोटात ही दुसरी बसली होती, आणि ती आजवर या मुलीने एकटीने सांभाळली होती.

"तुझा काही दोष नव्हता. उलट पाय खाली सोडला असतास तर…" बाई थांबल्या. ते वाक्य कुठे चाललंय ते त्यांना उशिरा कळलं.

"तर?"

"तर रक्त थोडं उतरलं असतं."

मुलीने तोंडावर पदर दाबला. मग म्हणाली, "वॉर्डात तुम्ही ती नसलेली पट्टी सोडलीत ना, तेव्हा मी मनात तुमच्या पाया पडले होते. वाटलं, देवमाणूस आहे ही बाई." ती हसली, पण ते हसू बघवेना. "जा तुम्ही. आणि माफी मागू नका. माझ्याकडे द्यायला नाहीये ती."

बाई निघाल्या. पायऱ्या उतरताना वरून कडी लागल्याचा आवाज आला.

पुढे दोन महिने काही नाही. मग दर्जा विभागात मुलीचं पत्र आलं, शाळेच्या कारकुनाच्या वळणदार अक्षरात. तिने नुकसानभरपाई मागितली नव्हती, कोणाला शिक्षाही मागितली नव्हती. एकच प्रश्न होता: घरून पेशंटचे फोन येतात, ते तुमच्याकडे कोण लिहून ठेवतं? समितीने उत्तर शोधलं, तर उत्तर होतं, कोणीच नाही. तिला बैठकीला बोलावलं. बाईही होत्या, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. मुलगी शांतपणे बोलली. म्हणाली, "माझा फोन कुठे लिहिलेला असता, आणि दुसऱ्या कोणी तो वाचला असता, तर बुधवारी तरी कोणीतरी म्हणालं असतं, या माणसाला बोलवा." तिने बाईंकडे एकदा बघितलं. त्या बघण्यात राग होता, दुसरंही काही होतं. बाईंनी त्याचा अर्थ लावायचा नाही असं ठरवलं. बैठक संपल्यावर ती चहाला न थांबता गेली.

फोनची वही सुरू झाली. वेळ, नाव, तक्रार, काय सांगितलं, आणि शेजारी दुसऱ्या कोणाचीतरी रोजची सही. तो फोन घ्यायला माणूस हवा होता. बाई रिकाम्याच होत्या. त्यांना जिन्याखालीच, नऊ नंबरच्या बाहेर, एक टेबल आणि खुर्ची दिली.

निवृत्तीपर्यंतची सहा वर्षं त्या तिथे बसल्या. दुखतंय म्हणणाऱ्या प्रत्येकाला बोलावून घेतात, निम्मे उगाच येतात, अशी वॉर्डातल्या डॉक्टरांची कुरकुर असायची. बाई ऐकून घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलवायच्या. निम्मे उगाच यायचे, हे खरंच होतं. त्या सहा वर्षांत अकरा जणांची पट्टी वेळेत सुटली. ते अकरा पाय बाईंनी मोजले होते, पण त्याबद्दल कोणाशी बोलल्या नाहीत. बाकाकडे त्या पाठ करून बसायच्या. तिकडे किती पाय आहेत हे बघायचं नाही, असा स्वतःशी करार होता.

निवृत्तीच्या आठवड्यातला एक फोन वहीत आहे. सकाळी पावणेअकरा. कोणी वयस्कर बाई बोलत होत्या, त्यांच्या मालकांना कालच पट्टी बांधली होती. आधी ठणकत होतं, पण आता काही वाटत नाही, गाढ झोपलेत. मग उगाच कशाला तसदी देऊ, ठेवू का फोन?

"ठेवू नका," बाई म्हणाल्या. "आत जा, पांघरूण बाजूला करा आणि पट्टीबाहेर उघडी ठेवलेली त्यांच्या पायाची बोटं बघून या. रंग कोणता आहे ते मला सांगा. हात लावून बघा, गार आहेत की उबदार."

"आत्ता?"

"आत्ता. मी थांबते."

पलीकडे रिसीव्हर लाकडावर ठेवल्याचा आवाज झाला. चपला घासत लांब गेल्या. कुठलंसं दार करकरलं. मग काहीच ऐकू येईना. बाई पेन हातात धरून, वहीतल्या कोऱ्या रकान्याकडे बघत बसून राहिल्या.